मध्यभागी काय काढायचं?

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्याला एकोणिसाव्या शतकातले इंग्रज अभ्यासक ‘झोडिॲक केव्ह’ म्हणत, म्हणजे राशिचक्राचं लेणं. व्हरांड्याच्या डाव्या टोकाला भिंतीवर एका मोठ्या चाकाचं चित्र आहे. आज त्याचा थोडाच भाग शिल्लक आहे. चाकाला कप्पे आहेत आणि कप्प्यांत माणसं, घरं, जनावरं. पाहणाऱ्यांच्या ओळखीचं गोल चित्र राशींचं होतं, म्हणून हेही राशींचंच ठरलं. मेष, वृषभ, मिथुन त्यात कुठे बसतात हे कोणी नीट जुळवून दाखवलं नाही, तरी नाव रूढ झालं.

ते भवचक्र, म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्याचं बौद्ध चित्र आहे, हे कळायला १८९० चं दशक उजाडावं लागलं. ऑस्टिन वॅडेल हा ब्रिटिश सैन्यातला डॉक्टर तेव्हा दार्जिलिंगच्या बाजूला राहून तिबेटी बौद्ध धर्माचा अभ्यास करत होता. तिकडच्या मठांत हेच चक्र दाराशी रंगवलेलं असे आणि कप्प्या-कप्प्यात काय आहे ते सांगू शकणारे लामाही तिथे होते. वॅडेलने अजिंठ्यातले उरलेले तुकडे तिबेटी चित्रांशी ताडून पाहिले आणि १८९२ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर लिहिलं. सोयगाव तालुक्यातल्या भिंतीवरचं चित्र वाचायला हिमालयातला माणूस लागला.

आज ‘माइंड मॅप’ म्हणून जे शिकवलं जातं, त्याच्या संदर्भात ही हकिगत फार कामाची आहे. गुंतागुंतीचा विचार एका चित्रात बसवायचा, म्हणजे तो एका नजरेत दिसेल आणि लक्षात राहील, अशी माइंड मॅपची प्रतिज्ञा. भवचक्राची प्रतिज्ञाही तीच होती. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, कोणा चित्रकाराने ती उत्तम पार पाडली. चित्र टिकलं, विचार मात्र निसटला. चौदाशे वर्षांनी भिंतीसमोर उभ्या राहिलेल्या सुशिक्षित माणसांना त्यातून काहीच्या काही कळलं.

मग विचार चित्रात असतो की चित्राबाहेर? प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे, पण तो अभ्यासिकेतल्या विद्यार्थ्यालाही टाळता येत नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींच्या टेबलासमोर असे नकाशे चिकटवलेले दिसतात. मधल्या वर्तुळात ‘राज्यघटना’, भोवती फांद्या, फांद्यांना उपफांद्या, प्रत्येकीचा रंग वेगळा. या पद्धतीला आजचं नाव आणि नियम दिले ते टोनी बुझान या इंग्रज लेखकाने. १९७४ मध्ये बीबीसीवर त्याची ‘यूज युअर हेड’ ही मालिका झाली आणि त्याच नावाचं पुस्तकही आलं. कागद आडवा धरा, मधोमध चित्र काढा, फांद्या वळणदार ठेवा, एका फांदीवर एकच शब्द लिहा, असे त्याचे नियम. बुझान २०१९ मध्ये गेला, तोवर ही पद्धत जगभरच्या शाळा-कार्यालयांत पोचली होती. आपल्याकडे दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत ‘आकृती पूर्ण करा’ आलं, तेही याच कुळातलं. मध्ये एक चौकट, तिला चार बाण, चार रिकाम्या चौकटी. उताऱ्यातले चार शब्द उचलून भरले की गुण मिळतात.

यात काही वावगं नाही. डोक्यात एकाच वेळी दहा गोष्टी घोळत असतील, तर त्या कागदावर उतरवून एकमेकींशेजारी ठेवणं हा मोठाच दिलासा असतो. लेख लिहिणारा, भाषण तयार करणारा, शोधप्रबंधाच्या तिसऱ्या वर्षात अडकलेला संशोधक, सगळ्यांना तो लागतो. ओळीने लिहिताना पहिलं काय हे आधी ठरवावं लागतं. नकाशा काढताना ते पुढे ढकलता येतं. विचार अजून कच्चा असतो, तेव्हा ही सवलत फार मोलाची.

पण भवचक्राकडे पुन्हा पाहिलं, की दोन गोष्टी खटकू लागतात. पहिली मध्यभागाची.

‘दिव्यावदान’ या संस्कृत बौद्ध कथासंग्रहात सहसोद्गत नावाची एक कथा आहे. तीत हे चक्र कसं काढायचं याची सूचना बुद्धाच्या तोंडी आली आहे. चाकाला पाच कप्पे: नरक, तिर्यक म्हणजे पशुयोनी, प्रेत, देव आणि मनुष्य. तुंब्याच्या जागी तीन प्राणी: कबुतर म्हणजे राग (आसक्ती या अर्थी), साप म्हणजे द्वेष, डुक्कर म्हणजे मोह. तिबेटी चित्रांत कबुतराच्या जागी कोंबडा आला, बाकीचे दोन प्राणी तेच राहिले. कडेने प्रतीत्यसमुत्पादाच्या बारा कड्या: अविद्या, संस्कार, विज्ञान, नामरूप, षडायतन, स्पर्श, वेदना, तृष्णा, उपादान, भव, जाती आणि जरामरण. तिबेटी परंपरेत प्रत्येक कडीला एक चित्र ठरलेलं आहे. अविद्या म्हणजे आंधळी व्यक्ती, संस्कार म्हणजे मडकी घडवणारा कुंभार, विज्ञान म्हणजे माकड, वेदना म्हणजे डोळ्यात बाण घुसलेला माणूस. वेदनेचं चित्र एकदा पाहिलेला माणूस ती कडी सहसा विसरत नाही.

मध्यभागी बुद्ध नाही, धर्म नाही, निर्वाणही नाही. ज्यामुळे हे सगळं चाक फिरतं ती तीन विषं आहेत. म्हणजे केंद्रात प्रश्न ठेवला आहे.

आता शहराच्या दुसऱ्या बाजूला जावं. अजिंठा शहरापासून सुमारे शंभर किलोमीटर, वेरूळ तीसेक. वेरूळच्या बाराव्या लेण्यात, म्हणजे तीन तालमध्ये, भिंतीत कोरलेले चौकोनी फलक आहेत. तीन ओळी, तीन रकाने, नऊ घरं. मधल्या घरात बुद्ध आणि भोवतीच्या आठ घरांत आठ बोधिसत्त्व: अवलोकितेश्वर, मैत्रेय, मंजुश्री, वज्रपाणी आणि बाकीचे चार. हे मंडल आहे, दगडातलं. अजिंठ्याच्या चक्रानंतर दोन-अडीच शतकांनी कोरलेलं. शेजारचा कैलास पाहायला लोटणाऱ्या गर्दीतले फार थोडे लोक इथे थांबतात. थांबणाऱ्यालाही कोणाच्या हातात काय आहे हे ठाऊक नसेल, तर नऊ बसलेल्या आकृत्यांपलीकडे काही दिसत नाही. याच लेण्याच्या गाभाऱ्यांत हेच बोधिसत्त्व मोठ्या आकारात, बुद्धाच्या एका हाताला चार आणि दुसऱ्या हाताला चार असे आहेत. आधी छोटा नकाशा, मग त्याच नकाशातून चालत जायचं, अशी ही सोय. जेरी मलँड्रा या संशोधिकेने वेरूळच्या बौद्ध लेण्यांवर १९९३ मध्ये पुस्तक लिहिलं, तेव्हा शीर्षकातच ‘मंडल उलगडणं’ ही कल्पना घेतली.

इथे केंद्रात उत्तर आहे. एकच धर्म, एकच जिल्हा, आणि दोन नकाशांचे दोन अगदी उलट मध्य. एकात रोग मधोमध, दुसऱ्यात वैद्य. पहिलं चित्र पाहणाऱ्याला विचारतं की तू कशामुळे अडकला आहेस. दुसरं त्याला सांगतं की तू कोणाकडे पाहायचं आहेस. दोन्ही बरोबर असू शकतात. पण चित्रकाराने किंवा शिल्पकाराने काय मध्ये ठेवायचं हे ठरवलं, तिथेच अर्धं तत्त्वज्ञान ठरून गेलं. फांद्या नंतरच्या.

माइंड मॅप शिकवणारे हा मुद्दा सहसा उरकून टाकतात. ‘मध्यभागी विषय लिहा’ म्हणतात आणि पुढे रंगांकडे वळतात. विषय काय आहे हेच तर ठरायचं असतं! ‘१८५७’ मध्ये लिहिलं की कारणं, नेते, ठिकाणं, परिणाम अशा चार फांद्या आपोआप फुटतात. त्या कुठल्याही गाइडात आहेतच. ‘दक्षिणेत उठाव का पसरला नाही?’ हे मध्ये लिहिलं तर त्याच माहितीची मांडणी साफ बदलते, आणि काही फांद्या आपल्याला ठाऊकच नाहीत हेही उघडं पडतं.

मध्य हलवला की काय होतं याचं सर्वात मोठं उदाहरण याच शहराशी नातं सांगणाऱ्या माणसाचं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे इथे महाविद्यालय काढलं. त्याला मिलिंद नाव मिळालं आणि परिसराला नागसेनवन. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा त्यांचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९५७ मध्ये, प्रसिद्ध झाला. त्याची मांडणी खंड, भाग आणि क्रमांक घातलेली छोटी छोटी विधानं अशी आहे. प्रस्तावनेत ते चार अडचणी मांडतात, आणि त्यांतली पहिलीच परिव्रज्येची आहे: म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडलं ही पारंपरिक हकिगत पटण्याजोगी आहे का? दुसरी अडचण थेट चार आर्यसत्यांची. ती बुद्धाच्या मूळ शिकवणीत होती का, असाच प्रश्न ते विचारतात. मग त्यांच्या ग्रंथात सिद्धार्थ घर सोडतो तो शाक्य आणि कोलीय यांच्यातल्या रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्यावरून. दुःख या व्यक्तीच्या अनुभवाच्या जागी माणसा-माणसांतला संघर्ष मध्यभागी येतो, आणि कर्म, पुनर्जन्म, भिक्षुसंघ या सगळ्यांची स्थानं त्यानुसार बदलतात. यावर पंडितांनी भरपूर वाद घातले आहेत. तो वाद फांद्यांचा कमी आणि मध्याचा जास्त आहे.

दुसरी खटकणारी गोष्ट रेघांची.

भवचक्राच्या कडेला बारा शब्द नुसते मांडलेले नाहीत. एकामुळे दुसरं, दुसऱ्यामुळे तिसरं, असा तो संबंध आहे. प्रतीत्यसमुत्पादाचा सगळा जीव त्या ‘मुळे’मध्ये आहे. अमुक असेल तर तमुक होतं, अमुक थांबलं तर तमुक थांबतं. तृष्णा आणि उपादान यांमधली कडी कशी तुटते हे कळलं तर चक्र कळलं. बारा नावं पाठ झाली तर फक्त बारा नावं पाठ झाली. बुझानच्या पद्धतीत मात्र रेघ मुकी असते. ‘राज्यघटना’पासून ‘मूलभूत हक्क’पर्यंत एक लाल फांदी जाते, पण ती काय म्हणते? समाविष्ट आहे? कारण आहे? विरोध आहे? कॉर्नेल विद्यापीठातल्या जोसेफ नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ च्या सुमारास संकल्पना-चित्राची वेगळी पद्धत काढली. तिच्यात प्रत्येक रेघेवर दोन संकल्पना जोडणारे शब्द लिहावेच लागतात. फरक छोटा दिसतो, पण लिहायला बसल्यावर घाम फुटतो. रेघ ओढायला क्षण लागतो, तिच्यावर काय लिहायचं याला कधी अख्खी दुपार जाते.

मराठीतल्या पहिल्यावहिल्या गद्याला याच अडचणीतून जावं लागलं. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींचा वावर पैठण, वेरूळ या भागात बराच होता. त्यांच्यानंतर म्हाइंभटाने शिष्याशिष्याला गाठून, विचारून, आठवणी ताडून लीळाचरित्र सिद्ध केलं. त्यातली स्वामींची वचनं केसोबासाने वेगळी काढली आणि विषयवार लावली. तो सूत्रपाठ. विचार, आचार अशी प्रकरणं आणि त्यांत एकेक छोटं, टोकदार वाक्य. पाठांतराला आणि तत्त्वज्ञानाची बांधणी करायला याहून चांगली सोय नाही. पण वचन प्रसंगातून उपटलं की ते कोणाला, कशावरून, कोणत्या प्रश्नाला उत्तर म्हणून बोललं गेलं, हे मागे राहतं. पुढे महानुभाव पंडितांना ‘प्रकरणवश’ हा ग्रंथप्रकार रचावा लागला. त्याचं काम एकच, सूत्राला त्याचा प्रसंग परत द्यायचा. आधी फांदीवर एकच शब्द ठेवला आणि मग त्या शब्दाची गोष्ट पुन्हा लिहून काढली. दोन्ही कामं पंथाने जरुरीची मानली, हे त्यांचं शहाणपण.

केसोबासाचाच दृष्टांतपाठ या बाबतीत आणखी चोख आहे. त्यात ११४ दृष्टांत आहेत आणि प्रत्येकाची बांधणी तीन पदरी: सूत्र, दृष्टांत, दार्ष्टान्तिक. म्हणजे वचन, त्यासाठी गोष्ट, आणि ती गोष्ट वचनाला कशी लागू पडते याचा खुलासा. तिसरा पदर हीच शब्द लिहिलेली रेघ. आंधळे आणि हत्ती ही कथाही त्यात आहे (पाली ‘उदान’ या ग्रंथात ती त्याआधी कितीतरी शतकं होती). सोंड, कान, पाय, शेपूट, असे प्रत्येकाला आपापले अवयव नीट सापडलेले असतात. त्यांना एका नकाशावर चिकटवलं तर आकृती पूर्ण होईल. हत्ती होईल का?

नागसेनाचा मिलिंदाला प्रश्न हाच होता. इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर म्हणजे मिलिंद. ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात भिक्षू नागसेन त्याला विचारतो की आपण रथातून आलात, तर रथ कोणता? आस? चाकं? जू? दांडी? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. शेवटी त्याला कबूल करावं लागतं की हे भाग एकमेकांच्या आधाराने असतात, म्हणून ‘रथ’ ही संज्ञा वापरायची. भाग मोजून रथ सापडत नाही, भागांशिवायही सापडत नाही. ज्या संवादावरून नागसेनवनाला नाव मिळालं, तो संवाद माइंड मॅपच्या कोणत्याही कार्यशाळेत पहिल्या अर्ध्या तासात शिकवायला हरकत नाही.

आधुनिक प्रयोगही याच दिशेने बोट दाखवतात. २००२ मध्ये लंडनमधल्या ५० वैद्यकीय विद्यार्थ्यांवर केलेल्या एका अभ्यासात माइंड मॅप काढणाऱ्यांना आठवड्यानंतर मजकूर जास्त आठवला, पण पद्धत वापरण्याचा उत्साह मात्र त्यांच्यात कमी दिसला. २०११ मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातले जेफ्री कार्पिक आणि जॅनेल ब्लंट यांचा प्रयोग ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. एका गटाने विज्ञानाचा उतारा समोर ठेवून संकल्पना-चित्र काढलं. दुसऱ्या गटाने उतारा वाचून बाजूला ठेवला आणि आठवेल तेवढं लिहिलं, मग पुन्हा वाचून पुन्हा लिहिलं. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा दुसरा गट पुढे होता. परीक्षेत संकल्पना-चित्रच काढायला सांगितलं तरी पुढे होता. गंमत अशी की विद्यार्थ्यांचा स्वतःचा अंदाज नेमका उलटा होता. चित्र समोर असलं की आपल्याला सगळं कळलं आहे असं वाटतं, आणि हा भास फार गोड असतो.

सहसोद्गताच्या कथेत हे आधीच ओळखलेलं दिसतं. मौद्गल्यायन निरनिराळ्या लोकांत फिरून यायचा आणि तिथे जीवांचे काय हाल होतात ते लोकांना सांगायचा, त्याने लोक बदलायचे. पण मौद्गल्यायनासारखा माणूस सगळीकडे असू शकत नाही, म्हणून विहाराच्या दाराशी चक्र काढा, असं बुद्ध सांगतो. इथवर हे चित्राचं समर्थन आहे. पुढे मात्र कथा म्हणते की चित्राशेजारी ते समजावून सांगणारा भिक्षूही नेमा. मग नेमणुकीत ढिलाई होते, ज्यांना स्वतःलाच ते कळत नाही असे भिक्षू उभे केले जातात, आणि सूचना सुधारावी लागते: जाणता भिक्षूच नेमा. एक मुलगा येतो, चित्र पाहतो, हे काय ते काय असं विचारतो, उत्तरं ऐकतो आणि संघाला जेवण घालायचं म्हणून मजुरीला लागतो. चित्राने त्याला दारात थांबवलं. कामाला लावलं ते प्रश्नोत्तरांनी.

माइंड मॅपची उपयुक्तता याच दोन टप्प्यांत मोजायला हवी. विचार गोळा करायला, पसारा आवरायला, कुठे काय कमी आहे ते दिसायला तो उत्तम. वर्गात फळ्यावर सगळ्यांनी मिळून काढला तर आणखी उत्तम, कारण तिथे मध्यभागी काय लिहायचं यावरून भांडण होतं आणि ते भांडण फायद्याचं असतं. दुसऱ्याने काढलेला, छापून विकत मिळणारा तयार नकाशा मात्र बहुतेक वेळा निरुपयोगी. त्यात रेघा ओढण्याचं कामच उसनं असतं. आणि काही विषय या साच्यात घालूच नयेत. ज्याला आरंभ नाही, ज्यात परिणाम परत कारण होतो, अशा गोष्टीला फांद्या फोडल्या की ती खोटी होते. जातिव्यवस्था, दुष्काळ, कर्जबाजारीपणा यांना झाडापेक्षा चाक बरं.

म्हणून शिक्षकांना आणि कृतिपत्रिका तयार करणाऱ्यांना एक विनंती. ‘आकृती पूर्ण करा’ राहू द्या, मुलांना ती आवडते. तिच्याखाली एक प्रश्न वाढवा: या आकृतीतला कोणताही एक बाण निवडा आणि तो तिथे का आहे ते तीन-चार वाक्यांत लिहा. दोन गुण ठेवले तरी पुरे.